लिंबू लॉबीतला एक

ही गोष्ट मी रचली असती, तर त्यात स्वतःला इतकं वाईट दाखवलं नसतं. ती खरी आहे हे एवढ्यावरूनच ओळखा.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. मंगळवार होता, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण हेडफोन लावून बसलो होतो.

नऊ.

हा आकडा लक्षात ठेवा.

मी गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. बंदुकांचा ऑनलाइन खेळ, पाच विरुद्ध पाच. माझं काम जोड्या लावण्याचं. लग्नाच्या नाहीत, लढाईच्या. कोणाला कोणासमोर उभं करायचं ते आमची प्रणाली ठरवते, आणि ती नीट ठरवते ना हे मी बघते.

प्रत्येक खेळाडूच्या नावामागे दोन आकडे असतात. पहिला त्याची पातळी सांगतो. दुसरा सांगतो, की त्या पातळीबद्दल आमची खात्री किती. नवा खेळाडू असला तर खात्री कमी, म्हणून त्याचा आकडा भराभर वरखाली होतो. हजारो सामने खेळलेल्याची खात्री पक्की. त्याचा आकडा मुंगीच्या पावलानं हलतो.

आत्याचा आकडा तसा पक्का होता.

हो, माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. पस्तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर म्हणाली, तू दिवसभर काय उद्योग करतेस ते मला बघू दे. बघता बघता खेळायला लागली आणि मग थांबलीच नाही. आयुष्यात लग्न केलं नाही, पण खेळातलं नाव घेतलं ‘खाष्टसासू’. तिच्या बोटांचा वेग असा, की कॉलेजातली पोरं हरल्यावर शिव्या घालायची आणि ती त्यांना शुद्धलेखन दुरुस्त करून परत पाठवायची.

मग तिचा डावा हात थरथरायला लागला.

डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. खेळात चालण्यासाठीच्या कीबोर्डवरच्या कळा डाव्या हाताखाली असतात. बोट कळेवरून निसटायचं. खेळातली तिची पावलं अशी वाजायची... टप टप... टप. टप टप... टप.

ती हरायला लागली. आणि आमची प्रणाली तिला ओळखून होती ना! प्रणालीला वाटलं, बाईंचे चार दिवस वाईट चाललेत. ती आत्याला तिच्या जुन्या तोडीच्या लोकांसमोरच उभी करत राहिली. रोज दुपारी एकापाठोपाठ एक दहा हार. हरून उठली की चहाचा कप दोन हातांनी धरायची.

मला ते बघवेना.

मी तिच्या आकड्याची खात्री पुसून टाकू शकले असते. आकडा आपोआप खाली आला असता आणि तिला तिच्या आताच्या तोडीची माणसं मिळाली असती. आठवडाभर अजून हरली असती, एवढंच. पण मला घाई होती. मला तिला लगेच हसताना बघायचं होतं.

म्हणून मी तिला लिंबू लॉबीत टाकलं.

अगदी नवख्यांना पहिले चार-दोन सामने जिंकता यावेत म्हणून आम्ही बॉटसमोर खेळवायचो. बॉट म्हणजे यंत्रानं चालवलेले खेळाडू. नावं माणसांसारखी, नेम मुद्दाम वाकडा. लहानपणी खेळात धाकट्याला कच्चं लिंबू करायचो, तो खेळतो पण धरला जात नाही, तसंच. म्हणून ऑफिसात नाव पडलं लिंबू लॉबी. त्या लॉबीत, म्हणजे सामन्याची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत, किती जण आहेत ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. त्या आकड्यात बॉट धरत नाहीत. तो फक्त माणसं मोजतो.

आत्याच्या खात्यावर मी खूण केली. ही कायम लिंबू लॉबीत. रांगेत कितीही वेळ गेला तरी हिला दुसरीकडे पाठवायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. सहा सामने जिंकली होती. आवाज वीस वर्षांनी लहान झाला होता.

चार महिने असे गेले. मग एका दुपारी मी तिच्याकडे गेले होते, तर ती खेळ थांबवून हेडफोन काढून बसलेली. म्हणाली, ही पोरं फार शहाणी झालीत, कोणी शिवी देत नाही. मी हसले. ती हसली नाही.

“ठमे, मी पस्तीस वर्षं टायपिंगच्या खोलीत काढली. पाठ फिरवून सांगायचे कोण टाइप करतंय ते. माणसाचा ठेका सारखा कधीच पडत नाही. या पोरांची पावलं फार सारखी पडतात गं.”

मी चहाचं भांडं धुवायला उचललं.

“समोर माणसंच असतात ना?”

“हो आत्या,” मी म्हणाले. “माणसंच असतात.”

तिनं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग हेडफोन लावला. पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आम्ही लिंबू लॉबी बंद केली. नवख्यांसाठी दुसरी पद्धत आली होती. दुपारी पावणेदोनला मी स्वतः बॉट बंद केले. यादीतली एकेक गोष्ट तपासून खूण करत गेले.

आत्याच्या खात्यावरची खूण त्या यादीत नव्हती. ती मी चोरून केली होती ना.

मी विसरले.

त्या दुपारी तिचे तीन फोन आले. मी मीटिंगमध्ये होते, तिन्ही कापले. चौथ्यांदा तिनं मेसेज केला. तो मी संध्याकाळी वाचला.

‘आज कोणीच खेळायला येत नाहीये गं. तुझ्याकडे काही बिघडलंय का? मी थांबते.’

शेजारच्या काकूंना ती साडेपाचला सापडली. खुर्चीतच. हेडफोन कानावर तसाच. हृदय थांबलं, वय झालं होतं, कोणाचाच दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा पडदा चालू होता. त्यावर आमच्याच कंपनीचं वाक्य होतं, मीच मंजूर केलेलं.

‘तुमच्या तोडीचा खेळाडू शोधत आहोत...’

खाली वेळ पळत होती. चार तास पन्नास मिनिटं.

मी प्लग ओढून काढला.

पंधरा दिवसांनी कामावर गेले. आमचे सर्व्हर बापू सांभाळतात. पन्नाशीचा माणूस, कशालाही न घाबरणारा, कारण यंत्रांवर त्यांचा मुळातच विश्वास नाही. त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, तुझ्या बंद लॉबीत काहीतरी अडकलंय, बघ जरा.

मी पडद्याकडे बघितलं.

लिंबू लॉबी. रांगेत... १.

रांगेत उभं राहिल्याची वेळ, दुपारी एक बावन्न. तारीख आत्या गेली त्या दिवसाची.

 तिचा संगणक माझ्या घरी कपाटात होता. वायरी गुंडाळून, पिशवीत. मी तिच्या खात्यावरची खूण काढली. आकडा हलला नाही. मग रडत रडत खातंच पुसलं.

१.

बापूंनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केले. सगळे आकडे शून्यावर आले. एक सोडून.

“मोजणी गंडली असेल,” बापू म्हणाले. पण त्यांनी त्या पडद्याकडे पाठ करून खुर्ची फिरवून घेतली.

आता तो मंगळवार.

रोज चार वाजता आमची टीम नवा नकाशा, म्हणजे लढाईची नवी जागा, खेळून बघते. दहा जण लागतात, दहा झाल्याशिवाय सामना सुरूच होत नाही. ऑफिसच्या आतला सर्व्हर, बाहेरच्या कोणाला येता येत नाही. त्या दिवशी एकजण रजेवर होती. आम्ही नऊ. बापू कोणालातरी बोलवायला उठणार, इतक्यात...

सामना सुरू झाला.

कोणीतरी म्हणालं, अरे, दहावा कोण? दुसरा म्हणाला, असेल कोणी वरच्या मजल्यावरचं. आम्ही खेळायला लागलो.

नकाशा गोदामाचा होता. मी एकटी मागच्या बाजूला गेले. हेडफोनमध्ये माझाच श्वास ऐकू येत होता. लांब कुठेतरी गोळ्या झाडल्या गेल्या. मग त्याही थांबल्या.

आणि...

टप टप... टप.

मी जागच्या जागी थांबले.

टप टप... टप.

खोक्यांच्या पलीकडून. जवळ येत होती. दोन पावलं, बोट निसटलं, पुन्हा एक.

 खोक्यांच्या कडेनं एक आकृती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या डोक्यावर नाव असायला हवं होतं. नव्हतं. तिनं बंदूक उचलली. माझा नेम आधीच तिच्यावर होता. एक गोळी पुरली असती.

मला काय वाटलं ते खरंखरं सांगते. भीती नंतर आली. आधी वाटलं, जिंकू दे तिला. माझ्यामुळे चार तास एकटी बसली, निदान हा एक डाव तिला द्यावा.

मी नेम जरासा डावीकडे सरकवला आणि भिंतीवर गोळी झाडली.

आकृती हलली नाही. तिनं बंदूक खाली केली.

पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटू लागली. एकेक करून, अडखळत.

‘पुन्हा कच्चं लिंबू?’

मी कळा बडवल्या. आत्या, थांब. आत्या, खरं खेळते. आत्या, मी चुकले. पण पावलं वळली होती. टप टप... टप. टप टप... मग काहीच नाही.

‘एक खेळाडू सामना सोडून गेला.’

मी हेडफोन काढला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी मोठ्यानं ओरडत होते म्हणे.

बापूंनी नोंदी काढल्या. दहावी जागा सुरुवातीपासून रिकामी. मग सामना सुरू कसा झाला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांना सगळं कबूल केलं. खूण, खोटं, कापलेले फोन. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, “तिला जिंकायचं होतं असं तुला कोणी सांगितलं?”

मी भिंतीकडे वळले. 

भिंतीवरच्या पडद्यावर लिंबू लॉबीत पुन्हा एक होता. वेळ तीच. एक बावन्न.

त्यानंतर कितीतरी दिवस मी चार वाजता त्याच गोदामात, त्याच खोक्यांपाशी उभी राहिले. कोणी आलं नाही. मग गेल्या शुक्रवारी मी शेवटचा उपाय केला. तीच खूण माझ्या स्वतःच्या खात्यावर केली. मी कायम लिंबू लॉबीत. दुसरीकडे पाठवायचं नाही. ती तिथे थांबली असेल तर तिला मी सापडेन. या खेपेला खरं खेळायचं ठरवलं होतं. नेम धरून.

खेळ सुरू केला. हेडफोन लावला. ‘तुमच्या तोडीचा खेळाडू शोधत आहोत...’

अर्धा तास झाला. तास झाला. बापूंना म्हणाले, पडद्यावर बघून सांगा, दोन झाले का?

त्यांनी खुर्ची पडद्याकडे वळवली.

“एकच आहे गं.”

“वेळ कोणती?”

“एक बावन्न.”

म्हणजे ती तिथेच आहे.

आणि मी रांगेत उभी होते. माझ्या पडद्यावर माझी वेळ पळत होती.

तो आकडा फक्त माणसं मोजतो.

मी अजून रोज त्या रांगेत उभी राहते. काल घरी जिना चढताना सहज माझ्या पावलांकडे लक्ष गेलं. टप. टप. टप. टप. मी थांबले, मुद्दाम वेडीवाकडी पावलं टाकून बघितली. पुन्हा कान दिला.

सगळी सारखीच पडत होती.