एका स्क्रीनवर दोघं

नमिता भाड्याची खोली बघायला शोभाबाईंच्या माडीवर चढली, तेव्हा खिडकीत एक तरुण उभा होता. दातांत स्क्रू, हातात टेलिफोनची वायर.

"मॅडम, जरा हे टोक धरता का?"

तिनं धरलं. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईपाशी थबकला होता. हात मोकळा नाही म्हणून तो नुसता डोळे मिचकावत होता. तिला हसू आलं.

"सोडू का आता?"

"एवढ्यात नका सोडू," तो म्हणाला. वायरीकडे बघत म्हणाला, आणि मग... तिच्याकडे बघितलं.

तो शोभाबाईंचा मुलगा निकेश. सेलूच्या बाजारात वडलांचं, प्रभाकररावांचं हार्डवेअरचं दुकान होतं. हा मात्र कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनचा इंजिनिअर झाला आणि आता टांझानियातल्या एका कापसाच्या कारखान्यात निघाला होता. तिथलं इंटरनेट म्हणजे, आधी गेलेले सांगत, रुतलेली बैलगाडी. मशीनचा एक नकाशा उतरायला सकाळ जायची आणि शेवटी शेवटी लाइन तुटायची. म्हणून त्यानं युक्ती काढली होती. घरी ब्रॉडबँड घ्यायचं, कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि तो तिकडून चालवायचा.

"सगळं उघडन सेलूत," तो म्हणाला. "मले तिथं फक्त त्याचं चित्र दिसन. पण लाइट गेली की कॉम्प्युटर बंद. मग चालू कोण करन? आई तर बटणाले हात लावत नाई."

भारनियमनाचे ते दिवस. रोज वीज जायचीच. नमिता वर्ध्याची, सेलूच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. तिनं खोली घेतली, आणि खोलीबरोबर हे कामही.

तो गेल्यावर एका संध्याकाळी ती खालच्या बैठकीत कॉम्प्युटर सुरू करून उठतच होती, तोच स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकला. तिनं माउसवरचा हात दचकून काढला. नोटपॅड उघडलं आणि एकेक अक्षर पडू लागलं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी.

"मॅडम, चहा झाला?"

तिनं लिहिलं, "झाला. तुमचा?"

बराच वेळ काहीच नाही. मग आलं, "तुमचं उत्तर येईस्तोवर उकळून गेला."

मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली की ती धावत घरी यायची. त्याचे मेल शोभाबाईंना वाचून दाखवायची, बरोबर दिलेलं तिखट संपलं का, लोणचं उरलं का, ते त्यांच्या वतीनं त्याला विचारायची. स्क्रीन दोघांची एकच, बाणही एकच. तो उजवीकडे न्यायचा, ती मुद्दाम डावीकडे ओढायची.

"सोड ना. काम आहे."

"तूच सोड."

'मॅडम' कधी गळून पडलं, 'तुम्ही' कधी गेलं, दोघांनाही कळलं नाही. एकदा त्यानं लिहिलं, दिवाळीत येतो तेव्हा घरी बोलतो. काय बोलणार, असं तिनं विचारलं. ठिपके आले... आणखी ठिपके... आणि मग, "तुले माहीत आहे."

त्या वाक्यावर तिनं सगळा पावसाळा काढला. वर्ध्याहून वडील स्थळं सुचवत होते. ती दिवाळीनंतर बघू म्हणत राहिली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गल्लीत पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन चालली होती. भरदुपारी वीज आली तशी नमिता खाली आली, कॉम्प्युटर सुरू केला. थोड्या वेळानं बाण हलला. ती लिहिणार, तोच मेल उघडला. हिंगणघाटला दिलेल्या त्याच्या बहिणीचा, दिपालीचा मेल. सोबत एका मुलीचा फोटो. बाबांना स्थळ पसंत आहे, तुझं काय ते लगेच कळव, एवढाच मजकूर.

फोटोवर बाण जरा थांबला. मग खाली अक्षरं उमटू लागली. बाबांना पसंत असेल तर माझी हरकत नाही.

नमितानं माउस धरला आणि बाण बाजूला ओढला.

तिकडे सगळं थबकलं. नोटपॅड उघडलं.

"नमिता? तू शाळेत नाई?"

"आज तान्हा पोळा."

"विसरलो."

नंतर तो पुष्कळ लिहीत राहिला. बाबांचा स्वभाव, समाज, दिपालीच्या सासरचे लोक, दूर बसून भांडता येत नाही... तिनं सगळं वाचलं. मग एकच ओळ लिहिली, "तुला काय हवंय?"

"तू."

ती दोन इंग्रजी अक्षरं तिनं पुन्हा वाचली. पण बाण हलला, मेलकडे गेला आणि 'सेंड'वर जाऊन थांबला. माउस तिच्या हातात होता. एक हिसका पुरे होता. तिनं हात उचलला आणि मांडीवर ठेवला. हे त्याचं त्यानंच ठरवायला हवं होतं.

बाण बराच वेळ तिथंच होता. बाहेर पोरांचा गलका चालला होता. मग मेल गेला.

थोड्या वेळानं आत फोन वाजला, आणि शोभाबाई पदराला हात पुसत बैठकीत आल्या. दिपालीनं होकाराची बातमी कळवली होती.

"वाच वं बाई, काय लिहिलं पोरानं?"

नमितानं वाचून दाखवलं. फोटोही दाखवला. शोभाबाई खुर्चीच्या पाठीला धरून बघत राहिल्या.

"चांगली आहे पोरगी," त्या म्हणाल्या. मग हळूच, "खरं सांगू? मले वाटे, हा तुझंच नाव काढन. याच्या बाबाले मी वळवलं असतं, माझं ऐकतात ते. पण यानं मले एका शब्दानं नाई म्हणलं. मंग म्हणलं, आपल्यालेच भास झाला असन."

नमितानं नोटपॅडकडे बघितलं. हे सगळं त्याला लिहायला एक क्षण पुरला असता. तो अजून तिकडे होताच. बाण मधूनच थरथरत होता.

"अन् हे इंग्रजीत काय आहे खाली?" शोभाबाईंनी नोटपॅडकडे बोट केलं.

"काही नाही, आई. त्यांच्या कामाचं आहे."

आणि तिनं ती दोन अक्षरं पुसली. तिकडे ती, नेहमीसारखीच, जरा उशिरानं पुसली गेली असतील.