बिरदेवला कुणी सांगितलं?

सरांनी सराव परीक्षेचे पेपर अदलाबदल करून तपासायला दिले, आणि माझ्या वाट्याला आलेला पेपर बघून मला हसूच फुटलं. गणिताच्या भागात एकही चूक नव्हती, आणि इंग्रजीच्या भागात बरोबर उत्तर शोधावं लागत होतं. 'जनरस', म्हणजे उदार, या शब्दाच्या जवळचा अर्थ म्हणून या महाशयांनी बेधडक 'जनरल'वर खूण केली होती!

वर नाव होतं — बिरदेव.

मी मान वर केली. खिडकीजवळच्या बाकावरचा एक उंच, सावळा मुलगा माझ्याकडेच बघत होता. त्याच्या हातात माझा पेपर होता. म्हणजे माझं गणित... माझं हसू जागच्या जागी विरघळलं.

क्लास सुटल्यावर तो जिन्यात थांबलेला दिसला.

"तुमचं इंग्रजी लय भारी हाय," तो म्हणाला.

"आणि गणित?"

"गणित..." तो कठड्यावर बोट फिरवत राहिला. "गणित येतंय तुमाला. पर तुमी भिताय. बरोबर उत्तर काढताय, आन मग तेच खोडून चुकीचं लिवताय." मग जरा थांबून म्हणाला, "खंडाळ्याच्या न्हवं तुमी?"

मी दचकले. "कुणी सांगितलं?"

"बोलण्यावरनं वाटलं."

मी जेमतेम दोन शब्द बोलले होते. दोन शब्दांत खंडाळा कुठून कळतो?

हे सगळं सांगलीत घडलं, बारावीची परीक्षा झाल्यावर. माझे बाबा सैन्यात सुभेदार. त्यांच्या बदल्यांबरोबर माझ्या शाळाही बदलत गेल्या, त्यामुळे इंग्रजी पक्कं झालं आणि गणिताचं मात्र वाट्टोळं झालं. मला पुण्याच्या कॉलेजात बीबीए करायचं होतं, आणि त्यासाठी सीईटी द्यायची होती. आईची बहीण माधवनगरला राहायची, म्हणून मला तिच्याकडे ठेवून सांगलीत क्लास लावला. पण मी निघताना बाबांनी फोनवर हुकूम सोडला होता, "राजेश्वरी, एक जरी तक्रार कानावर आली तर बॅग भरून घरी. मग पुणं विसरायचं."

त्यामुळे माझ्याशी गोड बोलणाऱ्या प्रत्येकाकडे मी आधी संशयानंच बघायची. आणि हा तर माझं गाव ओळखणारा!

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत तो सरळ माझ्यासमोर येऊन बसला.

"एक इचारू? तुमी मला इंग्रजी शिकवा. मी तुमाला गणित. फिटंफाट."

"मलाच का? एवढी मुलं आहेत."

"तुमी माझा पेपर बघून हसला. बाकीचे तोंडावर हसत न्हाईत, मागनं हसत्यात."

मी पुस्तक पुढे सरकवलं.

मार्केट यार्डाकडून वारा आला की खिडकीतून हळदीचा वास यायचा. डोक्यावर पंखा कुरकुरत असायचा. आणि बिरदेव गणित असं सांगायचा की जणू गावातल्या कुणाची तरी गोष्ट सांगतोय.

"हे बघा. सांगली-सातारा एकशे वीस किलोमीटर धरा. हिकडनं एक गाडी चाळीसनं निघाली, तिकडनं दुसरी विसानं. समोरासमोर येत्यात, म्हंजे वेगाची बेरीज. दोन तासात भेट."

"आणि एकाच दिशेनं निघाल्या तर?"

"तर वजाबाकी. एकानं पळायचं, दुसऱ्यानं मागं लागायचं. लय येळ जातो त्यात." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "म्हनून दोघांनीबी थोडं थोडं पुढं यावं."

"हे पुस्तकात आहे?"

"न्हाई. हे मी म्हनतोय."

मी ओठ चावून हसू दाबलं... आणि लगेच स्वतःला बजावलं, सांभाळ.

मग माझी पाळी. मी त्याला 'रिलक्टंट' शब्द दिला. "मन नसताना एखादी गोष्ट करणं, पाय मागे ओढणं. कर वाक्य."

तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. "बिरदेव इज रिलक्टंट टू गो होम."

"का बरं?"

"क्लास सुटला की जावंच लागतंय न्हवं."

"वाक्य बरोबर आहे," मी घाईघाईनं म्हणाले.

"मी व्याकरणाचं कुठं इचारतोय?"

माझे कान तापले. रुक्सार शेजारच्या टेबलावर बसून सगळं ऐकत होती. ती माझी सांगलीतली एकुलती एक मैत्रीण. तिच्या अब्बांचं माधवनगरला कापडाचं दुकान, आणि माणसं पारखायची सवय तिला तिथेच लागलेली. परत जाताना रिक्षात ती म्हणाली, "राजू, मला काय हा पोरगा सरळ वाटत नाही हं. मुलं पैजा लावतात, माहितेय ना? आणि फोन आला की हा बाहेर का पळतो? परवा मी पाण्याला गेले तर मला बघून बोलता बोलता गप्प झाला."

तेव्हापासून मीही नजर ठेवायला लागले. खरंच, फोन वाजला की तो उठून थेट गॅलरीच्या टोकाला जायचा. तोंडावर हात धरून बोलायचा. एकदा मी मुद्दाम तिथून गेले, तर फक्त एवढंच कानावर आलं, "व्हय, सरळ मावशीकडंच जात्यात."

मावशीकडंच!

आणि मग तो दिवस आला. शेकडेवारीचं एक गणित माझ्याकडून पुन्हा चुकलं. मी वैतागून वही मिटली, तर तो मऊ आवाजात म्हणाला, "नववीत एकदा नापास झाला म्हनून काय जलमभर भ्यायचं व्हय?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

नववीत मी गणितात नापास झाले होते, हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं — मी, आई आणि बाबा. त्यानंतर आमची शाळा बदलली, गाव बदललं. मावशीलासुद्धा आम्ही सांगितलं नव्हतं.

"बिरदेव... तुला कुणी सांगितलं?"

"न्हाई... आसंच. अंदाजानं." त्याची नजर पेन्सिलीवरून हलेना.

मला शंका आली, ती मी रुक्सारलाही बोलून दाखवली नाही. हा पैजवाला नव्हे. हा बाबांचा माणूस आहे.

मग मी सापळा लावला. शनिवारी अगदी सहज म्हणाले, "उद्याच्या टेस्टला मी नाही. मैत्रिणींबरोबर साताऱ्याला चाललेय, अजिंक्यतारा बघायला. मावशीला सांगितलेलं नाही हं."

त्यानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "टेस्ट बुडवून?"

"हो. टेस्ट बुडवून."

त्यानं हातातलं पान उलटलं, आणि पुन्हा मागे आणलं.

हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे बाबांनी नुसतं 'सातारा' म्हटलं की चोर सापडला. रविवारी डोकं दुखतंय म्हणून मी मावशीच्या घरातच पडून राहिले. संध्याकाळी नेहमीसारखा बाबांचा फोन आला.

"जेवलीस?"

"नाही अजून."

"अभ्यास?"

"चाललाय."

"टेस्ट बरी गेली ना? ठीक आहे. ठेवतो."

बस्स. सातारा नाही, अजिंक्यतारा नाही, रागावणं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी मावशीच्या गळ्यातच पडले. "आगं, डोकं दुकत हुतं न्हवं तुजं?" ती बिचारी चक्रावली.

पण ताटावर बसल्यावर घास तोंडापर्यंत नेला आणि तो तिथेच थांबला. टेस्ट बरी गेली ना? बाबांना टेस्ट आहे हे मी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी मी अभ्यासिकेत त्याच्या आधी जाऊन बसले. तो आला, आणि माझा चेहरा बघून उभाच राहिला.

"मी टेस्टला बसले, असं तू बाबांना सांगितलंस?"

त्यानं नाही म्हटलं असतं तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. मला ठेवायचाच होता. पण तो म्हणाला, "व्हय."

मग खुर्ची ओढून बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ जोतिबा बाबांच्याच पलटणीत आहे. म्हसवडचा आपला धाकटा भाऊ सांगलीत सीईटीचा क्लास करतोय, असं जोतिबा बोलता बोलता बोलून गेला, आणि बाबांनी लगेच काम सोपवलं — पोरीवर लक्ष ठेव म्हणावं. खबर बिरदेवकडून जोतिबाला, जोतिबाकडून बाबांना. माझं खंडाळा आणि माझी नववी त्याच वाटेनं उलटी त्याच्यापर्यंत आली होती.

"म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवत होतास."

"व्हय. सुरवातीला."

"आणि नंतर?"

"नंतर..." त्यानं खूप हळू सांगितलं, "नंतर माझा मीच बघत हुतो."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या वाक्यावर मी लाजले असते. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"शनिवारी दादाचा फोन आला," तो पुढे म्हणाला. "तुमी साताऱ्याला जानार, हे सांगितलं आसतं तर सायबांनी तुमाला घरी न्हेलं आसतं. पुणं गेलं आसतं तुमचं. म्हनून म्हनलं, टेस्टला बसनार हायत. दादाशी मी कवा खोटं बोललो न्हवतो."

"आणि माझ्याशी?"

तो टेबलावरची पेन्सिल उगाच फिरवायला लागला.

"माझ्याशी रोज खोटं बोलत होतास ना? बोलण्यावरनं वाटलं... अंदाजानं... त्या गाड्या, ती वाक्यं, त्यातलं खरं कुठलं आणि नेमून दिलेलं कुठलं, ते मी कसं ओळखायचं, बिरदेव?"

मी पुस्तकं उचलली आणि रुक्सारच्या टेबलावर जाऊन बसले. त्यानंतर परीक्षेपर्यंत आमचं बोलणं झालं नाही. तो लांबच्या बाकावर बसून ओठ हलवत इंग्रजी शब्द पाठ करायचा. मी मान खाली घालून गणितं करायची. गणितं सुटायला लागली होती, आणि त्याचा मला जास्तच राग यायचा. एखादं अवघड गणित जमलं की मान आपोआप त्या बाकाकडे वळायची... आणि तो तेव्हा नेमका माझ्याकडेच बघत असायचा.

परीक्षेचं केंद्र मला साताऱ्याचं मिळालं. बाबा सुट्टी काढून आले होते. क्लास संपल्यावर मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या खंडाळ्याला गेले होते, तिथून त्यांनीच गाडीतून आणलं. रस्ताभर मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना वाटलं, परीक्षेचं टेन्शन.

पेपर बरा गेला. बाहेर आले तेव्हा वळवाचे ढग दाटून आले होते, आणि गेटबाहेरच्या झाडाखाली बाबा उभे होते. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बिरदेव. त्याचंही केंद्र तेच होतं. मला बघितलं, तसा तो शर्ट नीट करून सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, मी बिरदेव. जोतिबाचा भाऊ."

"अरे! तूच काय तो?" बाबांचा चेहरा खुलला. "काम चोख केलंस हं बेटा."

"न्हाई सायेब. काम म्या सोडलंय." त्याचा आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "त्या रविवारी ह्या टेस्टला न्हवत्या. मी खोटं सांगितलं. आन खबर देनाऱ्यानं जे करायचं न्हाई, ते माझ्याकडनं झालंय. माझं मन बसलंय ह्यांच्यावर. दादाला ह्यातलं काय ठाऊक न्हाई. त्याच्यावर राग धरू नका. जी काय शिक्षा, ती मला."

गेटबाहेर पालकांची गर्दी होती, पण मला कुणाचाच आवाज ऐकू येईना. बाबा त्याच्याकडे बघत होते. त्या नजरेसमोर भली भली माणसं गडबडतात, हे मी पाहिलेलं आहे.

"आत जायच्या आधी का नाही सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"ह्यांचा पेपर बिघडला आसता."

"आणि तुझा?"

"माझा तसाबी इंग्रजीत बिघडनारच हुता."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "राजेश्वरी, तुझं काय म्हणणं आहे?"

आजवर बाबांनी मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. हे विचारलं पहिल्यांदाच.

"आधी तुमच्यावर रागवायचंय, बाबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला. "माझ्यावर विश्वास नव्हता तर तोंडावर सांगायचं. माझ्यामागे माणूस का लावलात?"

बाबांनी नजर खाली वळवली. "लांब असलो की भीती वाटते, बेटा," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मग मी बिरदेवकडे वळले. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते आणि तो तसाच उभा होता, ओला होत.

"तुझ्यावरही मी रागावलेय. खूप."

"व्हय. ठाऊक हाय."

"पण काय आहे ना... नुसतं लांबून रागावता येत नाही मला. त्यासाठी तू समोर लागतोस. रोज."

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बघायला मी आणखी कितीही वेळ पावसात उभी राहिले असते. आम्हा दोघांना पुढे पुण्यातच प्रवेश मिळाला, वेगवेगळ्या कॉलेजांत. आणि त्याचे इंग्रजीचे गुण माझ्या गणितापेक्षा जास्त होते, हे मी अजूनही मान्य करत नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी बाबा फक्त खाकरले. "शिक्षण आधी. दोघांचंही," एवढं बोलून ते गाडीकडे निघाले. "पाच मिनिटं. मी गाडीत आहे."

ते आमच्याकडे पाठ करून बसले. मी चोरून बघितलं — समोरच्या आरशात आम्ही त्यांना नक्की दिसत असणार. तेवढ्यात त्यांचा हात वर गेला, आणि त्यांनी तो आरसा हळूच छताकडे वळवला.