नाक धुतलेलं नागपूर

हंगामाचे पहिले चार सामने नागपूर वादळ या बास्केटबॉल संघाने जिंकले, आणि पाचवा सामना व्हायच्या आतच सीताबर्डीवरच्या एका हलवायाने विजेतेपदाची संत्रा बर्फी विकायला काढली. प्रत्येक वडीवर चांदीच्या वर्खाचा करंडक होता.

श्रीनिवास हुद्दार दुकानासमोर थांबले. त्यांनी चष्मा पुसून करंडकाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"अहो, मागच्या वर्षीही याच सुमारास काढली होती ना ही बर्फी?"

"हो ना काकाजी!" हलवाई आनंदाने म्हणाला. "त्याच्या मागच्या वर्षीबी काढली होती. मग आपण धडाधड हरलो, अन् सगळी बर्फी गाईले घातली. दुसऱ्या दिवशी गाईनंबी तोंड फिरवलं. तुमाले किती देऊ? अर्धा किलो?"

त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणाची रेषसुद्धा नव्हती. हुद्दारांनी पाव किलो घेतली. माणूस इतका खूश असताना काहीच न घेणं त्यांना जमेना.

हुद्दार एका वर्तमानपत्रात बास्केटबॉलवर लिहीत. दरवर्षी पहिले पाच सामने झाले की त्यांचा लेख येई आणि त्यात राज्य लीगमधल्या आठही संघांबद्दल त्यांची मतं असत. यंदाची टिपणं तयार होती. कोल्हापूरचे खेळाडू उंच आहेत आणि ही गोष्ट ते समोरच्याला विसरू देत नाहीत. नाशिकचा संघ पहिल्या तीन डावांत द्राक्ष असतो आणि चौथ्यात बेदाणा होतो. पुण्याचे खेळाडू चूक कोणाची हे ठरल्याशिवाय परत बचावाला धावत नाहीत. राहता राहिलं नागपूर. नागपूरपुढची जागा मात्र अजून कोरी होती.

नागपूर कित्येक वर्षं तळाला होतं. तरीही दर हंगामाला स्टेडियम भरे, आणि प्रेक्षक असे येत जणू हा संघ काल जन्माला आला आहे. याचं कारण निर्दंशन.

शब्द शास्त्रज्ञांचा. लोक त्याला नाक धुणं म्हणत. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं शहर स्टेडियममध्ये जमे. भल्यामोठ्या पडद्यावर गेल्या हंगामातले सगळ्यात वाईट पराभव ओळीने दाखवले जात. या कार्यक्रमाचं नाव उजळणी. लोक हुंदके देत, एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवत, आणि रडणं अगदी टिपेला पोचलं की नाकात औषधाचा एकेक फवारा घेत. मग बाहेर येऊन तर्री पोहे खात. सकाळी उठावं तर मन स्वच्छ. पराभव सगळे लक्षात, गुणांसकट. फक्त ते कुठे टोचत नसत. खेळाडू, प्रशिक्षक, मालक, सगळेच नाक धूत. पुढे इतर शहरांनीही हे उचललं. कोल्हापूरकर तेवढे धूत नसत, कारण ते फारसे हरतच नसत, धुण्यासारखं काही साठतच नसे.

हुद्दारांनीही एकदा प्रयत्न केला होता. पण त्यांचं नाक बारमाही वाहणारं. फवारा आत जायच्या आधीच शिंकेबरोबर पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या अंबाड्यावर गेला, आणि नागपूरचे सगळे पराभव हुद्दारांकडे जसेच्या तसे राहिले. गावात अनेकांना त्यांची दया येई.

पाचव्या सामन्यात पाहुणे सोलापूरकर होते. हुद्दार नेहमीप्रमाणे मैदानाच्या कडेला, पत्रकारांच्या टेबलाशी बसले होते. नागपूरचा चेतन उईके यंदा अफाट खेळत होता. हा चंद्रपूरकडचा उंच, सडपातळ मुलगा. तो धावत येई, उसळी घेई, आणि पाहणाऱ्याला वाटे की आता हा खाली यायचं विसरला.

तिसऱ्या डावात तो टेबलाच्या अगदी जवळ उतरला. उजव्या पायावर, सगळं वजन टाकून, गुडघा आत वळलेला.

हुद्दारांच्या हातातला चहा मांडीवर सांडला.

गेल्या वर्षी, याच कोपऱ्यात, चेतन असाच उतरला होता. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला होता. गुडघ्याच्या आतला बंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, महिनेच्या महिने गेले, पोरगा पुन्हा उभा राहिला. पण ज्याचा गुडघा एकदा असा गेला तो माणूस पुढे जिन्याची पायरीसुद्धा जपून उतरतो. चेतन मात्र काही झालंच नसल्यासारखा उतरत होता.

नागपूर जिंकलं. गर्दी पांगल्यावर हुद्दारांनी त्याला गाठलं.

"चेतन, अरे तुझं उतरणं... मागच्या वर्षी काय झालं होतं ते आठवतं ना?"

"आठवते ना काकाजी!" चेतन टॉवेलने मान पुसत हसला. "तिसरा डाव होता. मी उतरलो अन् गुडघा कट्टकन गेला. स्ट्रेचरवरून नेलं मले. उजळणीत दाखवलं ना यंदा, सगळ्यात शेवटी. पब्लिक काय रडली बाप्पा!"

"आणि तू?"

"मीबी रडलो. मग नाक धुतलं."

"डॉक्टरांनी उतरण्याची पद्धत बदलायला सांगितली होती. त्याचे व्यायाम?"

"सुरू केले होते. पण लय कंटाळा येते काकाजी. एका पायावर उभं राहा, बसा, उठा. कोंबडी झाल्यासारखं वाटते."

"पुन्हा तुटला तर या वेळी जुळणार नाही, हे सांगितलंय ना त्यांनी?"

"सांगितलं ना. मग खेळ बंद. शंभर टक्के." हे त्याने अशा सुरात सांगितलं, जणू म्हणतोय, उद्या पाणी येणार नाही, बादल्या भरून ठेवा.

प्रशिक्षकांनाही सगळं माहीत होतं. फिजिओला माहीत होतं, मालकांना माहीत होतं. हुद्दार ज्याच्या ज्याच्याकडे गेले त्याने गंभीरपणे मान हलवली आणि मग म्हटलं, "पण काय उडतो ना काकाजी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धंतोलीला डॉक्टर ऊर्मिला ठोसरांच्या प्रयोगशाळेत गेले. हे औषध त्यांनीच शोधलेलं. लहानपणी त्या वडिलांबरोबर सामन्यांना येत, तेव्हापासूनची ओळख.

"या काका. बर्फी खाणार? करंडकवाली आहे."

"पाव किलो घरी आहे," हुद्दार म्हणाले. "ऊर्मिला, मला एकदा नीट समजावून सांग. तुम्ही आमचं नक्की काय धुता?"

ठोसरबाईंनी बर्फीचा डबा बाजूला सारला. "काका, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेलं पुस्तक, असं आपल्याला वाटतं. काढलं, वाचलं, ठेवून दिलं. पण तसं नसतं. आठवण काढली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते. मग काही तास घेऊन मेंदू ती पुन्हा पक्की करतो. दर वेळी नव्याने. आता या आठवणीत दोन गोष्टी असतात. एक, काय घडलं. दुसरी, तेव्हा बसलेला चटका. या चटक्याचं केंद्र मेंदूत वेगळं आहे, बदामाएवढं. आठवण मऊ असताना आमचा फवारा त्या बदामाला तेवढ्यापुरता गप्प बसवतो. माहिती पुन्हा पक्की होते, चटका होत नाही. हा एवढाच दंश काढायचा. म्हणून निर्दंशन."

"आणि म्हणून उजळणीत आधी रडवता."

"मऊ व्हायला नको का? मी हे जळीत रुग्णांसाठी केलं होतं. भाजलेली माणसं स्वयंपाकघरात पाऊल टाकू शकत नसत. मग क्लबवाले आले. म्हणाले, आमचे प्रेक्षक त्याहून वाईट अवस्थेत आहेत."

"खोटं नव्हतं ते."

"नव्हतं ना! आता तर औषधाच्या दुकानात घरगुती बाटली मिळते."

हुद्दारांनी चेतनचं सांगितलं. ठोसरबाईंचा चेहरा उतरला. अशा तक्रारी याआधी आल्या असाव्यात.

"भाजल्याची माहिती असून हात मागे येत नाही, असं होतं कधीकधी. हात मागे घ्यायला चटकाच लागतो."

"मग त्याचा त्याला परत दे."

"गेलेला चटका परत देता येत नाही. तो नव्यानेच बसावा लागतो." त्या जरा घुटमळल्या. "एक रस्ता आहे. लहान मूल पालीला का घाबरतं, काका? पालीने त्याचं काय वाईट केलेलं असतं? पाल दिसते, आई किंचाळते, आणि मूल बघतं ते आईच्या तोंडाकडे. भीती दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून शिकता येते. फक्त त्या चेहऱ्यावर ती खरी असावी लागते. नट चालत नाही. तो पडला त्या दिवशी हजर असलेल्या हजारो लोकांत नाक न धुतलेलं कोण आहे?"

हुद्दारांनी रुमाल काढून नाक पुसलं.

"पण विचार करा," त्या म्हणाल्या. "तो घाबरला की तसा उडणार नाही. कदाचित पुन्हा कधीच नाही. आत्ता तो सुखात आहे. त्याचं सुख काढून घ्यायचा हक्क आपल्याला कोणी दिला, हे मला सांगता येणार नाही. आणि नागपूर जिंकतंय."

हा शेवटचा मुद्दा हुद्दारांना ठाऊक नव्हता असं नाही. कालपासून ते त्याच्याशीच झगडत होते. आयुष्यभर त्यांनी या संघाचे पराभव पाहिले, त्यांवर विनोद केले, लोकांना हसवलं, आणि घरी येऊन न जेवता झोपले. एक करंडक, एवढंच मागणं होतं. यंदा तो खरोखर दिसत होता, आणि तो एका पोराच्या आत वळणाऱ्या गुडघ्यावर उभा होता. गप्प बसलं तर कदाचित गुडघा टिकेलही. टिकतात काही. घरी जाऊन त्यांनी बर्फीचा पुडा उघडला, एक वडी तोंडात टाकली. चांगली झाली होती. तेच त्यांना सोसवेना.

सरावानंतर दुपारी त्यांनी चेतनला थांबवून घेतलं. स्टेडियम रिकामं होतं. टेबलावर त्यांनी एक छोटा पडदा ठेवला, पण त्याचं तोंड स्वतःकडे. चेतनला समोर बसवलं.

"मला तुला भीती दाखवायची आहे. तुला चालत असेल तरच."

"दाखवा ना!" चेतन खुर्चीत रेलला. त्याला भीतीचीही भीती नव्हती.

"पडद्याकडे बघायचं नाही. माझ्या तोंडाकडे बघ."

"इतके काही वाईट नाही दिसत तुम्ही," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

हुद्दारांनी चित्रफीत सुरू केली. गेल्या वर्षापासून त्यांनी ती पाहिली नव्हती. चेतन धावत आला. उसळला. हुद्दारांचे हात आपोआप पुढे झाले, झेलायला निघाल्यासारखे. मग सुपारी फुटली. त्यांचे डोळे मिटले, पुन्हा उघडले, ओठ एका बाजूला ओढले गेले, आणि गळ्यातून जो आवाज निघाला तो माणसाने एकांतातही काढू नये असा होता. त्यांनी फीत पुन्हा लावली. मग आणखी एकदा.

चेतन आधी हसत होता. मग त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यात कोणी उरलं नाही. हळूहळू त्याचा हात मांडीवरून खाली सरकला आणि उजव्या गुडघ्यावर जाऊन बसला. झाकून धरल्यासारखा.

"बास काकाजी," तो म्हणाला.

हुद्दारांनी पडदा बंद केला. चेतन उठला. एक पाऊल टाकलं, दुसरं जपून टाकलं. मग कोंबडीसारखा एका पायावर उभा राहिला, वाकला, उठला, पुन्हा वाकला. हुद्दारांनी पाहिलं, हातचा करंडक चालला होता. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

"माझ्यावर रागावलास?"

चेतनने नकारार्थी मान हलवली. पण तो गेला नाही. पुन्हा येऊन समोर बसला.

"काकाजी, माझे बाबा गेले ना, मागच्या उन्हाळ्यात."

हुद्दारांना हे माहीत नव्हतं.

"सगळं कार्य झालं, अन् ताईनं दुकानातून बाटली आणली. आईनं घेतली, ताईनं घेतली, मी घेतली. काका-काकूबी होते, त्यायलेबी दिली. कोणालेच काही नाही आता. आम्ही जेवताना बाबाच्या गोष्टी सांगतो, हसतो. छान चालू आहे." तो थांबला. "मले वाटलं, कोणाच्या तोंडाकडं पाहू? तर कोणीच नाही ना. तुम्ही कधी भेटले होते का बाबाले?"

"नाही रे."

"काही हरकत नाही. मी सांगतो, तुम्ही ऐका." आणि चेतन सांगू लागला, कुठली गाडी कुठून सुटते ते सांगावं तशा आवाजात. बाबा कागदाच्या कारखान्यात होते. गावात बास्केटबॉलचं रिंग नव्हतं. बाबांनी आपल्या सायकलचं चाक काढलं, आरे तोडले आणि ते कडुनिंबाला ठोकलं. मग नवं चाक घेईपर्यंत पावसाळाभर ते कारखान्यात पायी गेले. आईला सांगितलं, सायकल दुरुस्तीला टाकली आहे. रोज सांगितलं.

हे सगळं सांगताना चेतनची नजर हुद्दारांच्या चेहऱ्यावरून हलली नाही. हुद्दारांनी खाली बघायचं ठरवलं आणि त्यांना ते जमलं नाही. त्यांचे ओठ त्यांना विचारल्याशिवाय थरथरले.

चेतन पुढे झुकला. एखादी बारीक अक्षरातली पाटी लांबून वाचावी तसे त्याने डोळे बारीक केले.

"असं असते का?" त्याने हळूच विचारलं.

हुद्दारांनी होकारार्थी मान हलवली.

"मी पुन्हा सांगतो," चेतन म्हणाला. "तुम्ही असेच बसून राहा, काकाजी. हलू नका." आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.