ताईनं अंगावर घेतलेला आळ

“ठेव तो पेला खाली! त्या हातानं माझ्या लेकराला पाणीसुद्धा पाजायचं नाही!”

आईनं पेला असा हिसकावला, की निम्मं पाणी ताईच्या अंगावर सांडलं. खाटेवर तिचा धाकटा भाऊ कमरेपासून पावलापर्यंत प्लॅस्टरमध्ये जखडून डोळे मिटून पडला होता. झोपला नव्हता तो! पापण्या थरथरत होत्या त्याच्या, आणि ताई जीव डोळ्यांत आणून त्या पापण्यांकडे पाहत होती... आता उघडतील, आता म्हणेल, ‘आई, तिचा दोष नाही गं!’ पण त्यानं मान भिंतीकडे वळवली, आणि ताईच्या काळजात काहीतरी आरपार चिरत गेलं...

कसला होता तो शर्यतींचा हंगाम! कधी डोक्यावर घेऊन नाचावं असा, कधी डोकं धरून बसावं असा. धाकटा आठवडाभर घरोघरी पार्सलं पोचवायचा आणि रविवारी, रस्ते बंद करून भरवलेल्या हौशी लोकांच्या शर्यतीत मोटरसायकल पळवायचा. पहिल्याच शर्यतीत इंजिन जाम झालं, गाडी ढकलत आणावी लागली. पुढच्या शर्यतीत पावसानं बाकीचे घसरले, हा उभा राहिला, म्हणून तिसरा आला. आईनं बक्षिसाचा कप शेजारणींना असा दाखवला, जणू गाडी तिनंच हाणली होती! मग खांदा निखळला, आठवडाभर घरात कुणाशी धड बोलला नाही. मग एकदम पहिला! आणि शेवटच्या शर्यतीआधी त्याचे आणि लंबूचे गुण सारखे झाले.

लंबू म्हणजे त्याचा जिवाभावाचा मित्र, लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि ताईचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो. दारातून वाकून आत यायचा आणि म्हणायचा, “मावशी, दार उंच करा, नाहीतर जावई बदला.”

“दाराला गवंडी लागतो,” आई म्हणायची, “जावई बदलणं स्वस्तात पडेल.”

ताई खाली मान घालून हसायची. ती चष्म्याच्या कारखान्यात बारीक स्क्रू बसवायची. बोटं अशी नाजूक आणि अचूक, की दोघांच्याही गाड्यांच्या तारा तीच बांधायची. शर्यतीत हादऱ्यानं इंजिनाच्या तेलाचा बोल्ट सुटू नये म्हणून त्यातून तार ओवतात आणि पीळ देऊन जखडतात. तपासनीस ती तार बघतो, मगच गाडी सोडतो, आणि त्यानंतर बोल्टला कुणी हात लावायचा नाही, असा कडक नियम! ताई डावखुरी, त्यामुळे तिच्या तारेचा पीळ जगाच्या उलटा पडायचा.

त्या शेवटच्या शर्यतीत निम्म्या फेऱ्या झाल्या, आणि वळणावर धाकट्याच्या गाडीतून तेल सांडलं. तो आपटला. मागून लंबू आला, तेलावरून घसरत भिंतीवर गेला... आणि त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तपासनीस तुटकी तार घेऊन उभा राहिला. “मी पाहिली तेव्हा तार पक्की होती. नंतर कोणी सोडली?”

ताईनं तार पाहिली. पीळ सरळ होता... तो तिचा नव्हताच! क्षणात तिला सारं उमगलं. सकाळच्या सरावात लंबूची गाडी पुढे निघाली, तेव्हा धाकटा कासावीस झाला असणार. गाडी जोरात पळावी म्हणून तपासणीनंतर लपून त्यानं जाड तेल काढून पातळ ओतलं असणार, आणि घाईघाईत तार आपल्याच हातानं गुंडाळली असणार! पण डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, ‘वाचेल की नाही, सांगता येत नाही.’ आई फरशीवर बसून नुसती बाळ, बाळ करत होती. मरणाच्या दारात पडलेल्या भावावर मित्राचा पाय घेतल्याचा ठपका? आणि तोही आईच्या देखत?

“मीच सोडली,” ताई म्हणाली. “बोल्ट पुसायला. परत बांधली ती... सैल राहिली.”

दैव तरी केवढं विचित्र! भाऊ वाचला, आणि तो शब्द मात्र परत घेता आला नाही. शर्यती भरवणाऱ्या क्लबनं तिला शर्यतींना यायला बंदी घातली. लंबूच्या उशाशी ती रोज बसायची. एक दिवस त्यानं तोंड फिरवलं.

“पाय गेला ते सोसेन गं. पण ‘डोळे झाकून जा, तार माझी आहे,’ असं तूच म्हणायचीस ना? आता तुझ्या भरवशावर मी जिना तरी कसा उतरू?”

लग्न मोडलं. ताई फक्त धाकट्याच्या एका शब्दाची वाट पाहत राहिली... तो कुबड्यांवर आला, मग काठीवर, मग काठीही सुटली. ती जवळ जाऊन उभी राहिली, की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. आणि आईचे टोमणे उठताबसता चालूच! “एकाचा पाय घेतलास, एकाला अंथरुणावर पाडलंस. आता माझा नंबर का?”

नवा हंगाम आला. पहिल्या शर्यतीला सकाळी गेलेला धाकटा दुपारच्या आत परतला. हातात हेल्मेट, चेहरा राखेसारखा.

“एवढ्यात जिंकलास होय रे?”

तो उंबऱ्यावरच बसला. “सुरुवातीच्या रेषेवर उभा होतो, आई. लंबूच्या जागी दुसराच कोणी होता... माझ्यानं गाडी पुढे नेववेना. ती तार मी सोडली होती. मीच बांधली. ताईनं नाही!”

आईचा हात उठला आणि खाडकन त्याच्या गालावर बसला. मग ती ताईकडे वळली. “आणि तू? तुझ्या तोंडाला काय कुलूप लावलं होतं? मी रोज तोडून बोलत होते, तू ऐकून घेत होतीस... एकदा तरी उलटून बोलायचंस ना, मेले!” शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. “चपला घाल. तू पण ऊठ रे! त्याच्या दारात जायचंय.”

जन्मात कुणापुढे न वाकलेली ती बाई लंबूच्या खुर्चीसमोर पदर पसरून उभी राहिली. धाकटा त्याच्या पायांशी कोसळला, एक खरा आणि एक लाकडी. लंबूनं सगळं ऐकलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“तू भ्यालास. भीती मला कळते रे.” मग त्यानं ताईकडे पाहिलं. “पण तू? तू तर शुद्धीवर होतीस. मी तुला दूषणं देत होतो, आतून जळत होतो, आणि तू उशाशी बसून मला खोट्यातच ठेवलंस! त्याला वाचवताना माझं काय होईल, हे तुझ्या मनात तरी आलं का गं?”

ते ताईच्या मनात खरंच आलं नव्हतं!

“मग आता?” आईनं चाचरत विचारलं.

“आता काही नाही, मावशी. जाताना दार तेवढं ओढून घ्या.”

तिघं रस्त्यावर आली. बसथांब्यावरची माणसं वळून बघत होती. ताई सरळ चालत होती, जणू पाय दुसऱ्या कुणाचे होते. आईनं तिला भर रस्त्यात थांबवून कवटाळलं.

“रड गं बाई, मोठ्यानं रड! बघू दे लोकांना. कुणी विचारलं तर मी सांगते, माझ्या लेकीला मीच रडवलंय म्हणून...”

ताईनं आईच्या खांद्यावर मान टाकली. पण डोळ्यांत पाणी येईना. रडली ती आईच, हुंदके देऊन... आणि ताई कोरड्या डोळ्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.