बटणावरची चुडी

रेडिओवाल्याला खरा त्रास आतल्या बिघाडाचा नसतो, बाहेरच्या नटवेपणाचा असतो. बटणाभोवती शोभेची कडी बसवायची आणि बटण धरून ठेवणारा स्क्रू नेमका तिच्याखाली लपवायचा, ही कुणाची अक्कल होती देव जाणे! कडी निघाल्याशिवाय बटण निघत नाही आणि बटण निघाल्याशिवाय आतलं यंत्र पेटीबाहेर येत नाही. दारव्ह्यात अशा कड्या काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळायचं, कडीखाली मेण लावलेला दोरा सरकवायचा आणि चहूकडून सारखा ओढायचा. घाई केली की बटण तडकलंच.

बासष्टच्या नोव्हेंबरातला बाजाराचा दिवस. सकाळीच तांड्यावरचे भीमसिंग नायक बॅटरीवरचा रेडिओ डोक्यावर घेऊन आले. त्यांचा मुलगा शंकरसिंग फौजेत होता, सरहद्दीवर. लढाई सुरू झाल्यापासून त्याचं पत्र नव्हतं.

"गफ्फारभाई, आजच्या आज याले बोलता करा. सून बसंती जेवून नाही राह्यली. बातम्या आयकल्याबिगर तिच्या जिवाले चैन नाही."

रेडिओची बाकी बटणं पितळी कड्यांची होती, एकाचीच कडी पांढरी होती.

"ते शंकरनं लावली," नायक म्हणाले. "पितळी कडी हरपली होती. बसंतीच्या दंडातल्या लग्नाच्या चुड्यांतली एक भरतानीच तडकली, तिचा तुकडा वाकवून लाखेनं बसवला त्यानं."

नायक बाजाराला गेले. मी बॅटरी काढून बाजूला ठेवली. पितळी कड्या चहा येईपर्यंत निघाल्या. पांढरी सेल्युलॉइडची होती, विस्तव दिसला तरी भपकन पेटणारी, म्हणून तिला फक्त फडकं. लाख मऊ झाली, वासही सुटला, पण कडी हलेना. दोरा ओढला तर दोराच तुटला. पुन्हा चाचपली तेव्हा मघापेक्षा घट्ट वाटली. उष्णतेनं आतलं बटण फुगलं असेल, मी म्हटलं.

मग अंगठ्याखाली बटण मागे फिरलं. हळूच, कुणी मनगट सोडवून घ्यावं तसं. स्प्रिंगचा ताण असेल, म्हटलं. त्या बटणाला स्प्रिंग नसते हे मला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही मणियार. दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात माझी आई हुस्नाबी बांगड्या भरायची. तालुक्यातल्या किती मनगटांना तिचा हात लागला असेल, कोण जाणे. अवघड हातासाठी ती रिठ्याचा फेस वापरायची. तो मी मागितला. वाटी घेऊन ती आली, बटणावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"हा हात आखडून राह्यला, बेटा. कोनाची चुडी हाये ही?"

मी सांगितलं. तिनं वाटी छातीशी धरली.

"मंग आधी दुसरी चढव, मंगच ही उतरव. बांगड्या बदलतानी आपन एक तरी ठेवतोच ना हातात? नवरा जित्ता असलेल्या बाईचा हात उघडा करत नसते."

"अम्मी, बटन हाये हे! बटनाले नवरा असते का?"

मला राग आला होता. तिकडे एक पोरगी बातमीसाठी उपाशी बसलेली आणि इथे हिचे रिवाज. मी वाटी हिसकावून घेतली. आई तोंड फिरवून बसली.

फेस लावला. अंगठ्यानं दाबत कडी फिरवली.

आत काहीतरी मिटलं. बांगडी चढवताना पंजा मिटतो तसं.

कडी निघाली.

तिच्याखाली काळ्या बटणावर फिकट पट्टा होता. तो कोमट होता. मी हात पुसले आणि दुसरीकडे पाहिलं.

बाकी काम किरकोळ निघालं. एक तार तुटली होती, ती डाख देऊन जोडली. बॅटरी लावताच बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. नायक परतले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मी कडी परत बसवू लागलो, तर ती बटणावर चढेचना. जिथून निघाली तिथेच ती आता बसत नव्हती.

दारात सावली आली. डोक्यावरून ओढणी ओढलेली बसंतीबाई उभी होती. तांड्यावरून एकटी, पायी आली होती. पाय धुळीनं माखले होते.

"काहून आली व?" नायक दचकून म्हणाले. "तार आली का?"

सासऱ्याशी ती थेट बोलत नसे. ती माझ्या आईपुढे जाऊन बसली.

"चाची, तुम्हीच भरल्या होत्या ना माह्या चुड्या?"

आईनं होय म्हणून मान हलवली.

"पीठ दळून राह्यली होती मी. कोनीतरी हात धरला. माणूस दिसलं नाही. सगळ्या उतरवल्या, एकही फुटली नाही."

रेडिओ बोलतच होता.

"सासऱ्याले सांगा, चाची, बंद करा म्हना ते. आता बातमी कायची आयकायची?"

तिनं ओढणी सारून हात पुढे केला. दंडावर लग्नापासून झाकलेल्या कातडीचा फिकट पट्टा होता, आणि त्यावर रिठ्याचा फेस. अजून वाळला नव्हता.