टीव्हीमागचा डबा

"डेलचा परवाना रद्द करा, एवढंच लिहा तुमच्या अहवालात!" क्रेग व्होल्केमा गरजला.

लॉर्ना हॉकिन्सन त्याच्या गॅरेजमधल्या जळक्या भिंतीकडे वळली. अग्निशमन खात्याच्या या तपास अधिकारी बाईंचे कान कालपासून हेच ऐकून किटले होते.

गॅरेजमध्ये चार्जिंगला लावलेली बॅटरी पेटली होती. गॅरेज आणि घर यांच्यामधल्या भिंतीनं आग अडवायची असते, पण गॅरेजमधल्या टीव्हीच्या प्लगसाठी भिंतीत बसवलेल्या विजेच्या डब्यातून धूर सरळ पलीकडच्या बेडरूममध्ये शिरला. तिथे झोपलेले क्रेगचे वडील आता दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. वायरमन डेल पेल्टोनेन शपथेवर सांगत होता, की त्या जागी गॅरेजच्या बाजूनं त्यानं डबा बसवलाच नव्हता. त्याची सुनावणी उद्यावर आली होती. परवाना गेला, की पोटावर पाय.

जळक्या टीव्हीमागच्या भोकातून लॉर्नानं विजेचा डबा ओढून काढला. प्लास्टिकचा, दोन बाजूंना पंख. खिळ्याची खूण कुठेच नाही. भोकातून पलीकडच्या बेडरूममधल्या विजेच्या डब्याची पाठ दिसत होती. तिच्यावरची आग रोखणारी पुट्टी एका कोपऱ्यात सोलली होती.

"हे घर तुमच्याआधी कुणाचं होतं?"

"कुणाचंच नाही. नवं कोरं बांधून घेतलं."

"मग हा डबा?"

"डेलचाच! भिंत उघडी होती, तेव्हा बसवताना मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"नक्की?"

"किती वेळा सांगू, बाई?"

लॉर्नाचा संयम सुटला. गेल्या हिवाळ्यातही एका शहाण्याने तिला असंच झुलवलं होतं.

"बोर्ड चढण्याआधी, भिंत उघडी असताना, डबा आतल्या लाकडी खांबाला खिळ्यानं ठोकतात. पंखांचा डबा भिंत बंद झाल्यावर बसवतात. स्क्रू पिळला, की पंख आत पसरून भिंतीचा जिप्समचा बोर्ड मागून धरतात. भिंत उघडी असताना पंख धरणार काय, हवा?"

क्रेगनं नजर टीव्हीकडे वळवली.

"म्हणजे तुम्ही पाहिलं ते खोटं. टीव्ही तुमचा, घर पहिल्यापासून तुमचं. हॉकी बघायला वीज हवी होती. जवळची वीज बेडरूमच्या डब्यात. म्हणून त्याच्या बरोबर पाठीमागे भोक पाडलंत आणि वायर ओढायला डेलनं लावलेली पुट्टी सोललीत. पाठीला पाठ लावलेले दोन डबे, मधे काहीच नाही. धुराला रस्ता तुम्ही करून दिलात, आणि फासावर त्याला चढवत होतात!"

"फक्त एक डबा होता हो," क्रेग पुटपुटला. "विम्यावाल्यांना कळलं असतं तर... आणि बाबा..." तो खाली बसला.

"डेलला फोन लावा. माझ्यासमोर."

त्यानं नंबर लावला. पलीकडून लगेच डेलचा आवाज आला.

"क्रेग? बाबा कसे आहेत रे?"