दुखवट्याची वस्त्रे

कुंभेरगडावर तांबडे फुटले, घाटाखालच्या धुक्यातून सुळके एकेक करून वर आले आणि नगारखान्यात पहाटेची नौबत झडू लागली. पण तटावरचा एकही पहारेकरी त्या नौबतीला ताठ उभा राहीना. कसा राहील? गेला सबंध हिवाळा गड अळणी जेवत होता. भाकरी होती, आमटी होती, मीठ मात्र औषधालाही नव्हते.

झाले होते ते असे. थोरले राजे गंभीरराव ज्वराने वारले, आणि त्यांचा सावत्र भाऊ सुभानराव याने राणी गजराबाईंना देवघरालगतच्या कोठडीत कोंडून स्वतः गादी बळकावली. गादीवर बसता आले, राजा व्हायचे मात्र राहून गेले! किनाऱ्यावरच्या खारवली दरबाराने त्याचे खलिते नवा शिक्का पाहूनच न उघडता परत धाडले, त्याच्या वकिलाला देवडीवरूनच वाटेला लावले आणि मिठाचे तांडे घाटाखाली अडवून धरले. खारवलीने तोंड फिरवताच बाकीच्या दरबारांनाही सुभानरावाची ओळख पटेनाशी झाली.

आज मात्र खारवलीचे वकील निंबाजीराव सदरेवर बसले होते, आणि त्यांच्या पुढ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेली दुखवट्याची वस्त्रे होती. मयत राजाच्या वारसाच्या हाती ही वस्त्रे द्यायची, हा जुना रिवाज. ज्याच्या हाती दुखवटा, तो गादीचा धनी. आणि त्याच दिवशी घाट मोकळा.

"निंबाजीराव," सुभानराव लोडावरून पुढे झुकून म्हणाला, "उशिरा का होईना, खारवलीच्या महाराजांना आमच्या दुःखाची याद झाली. वस्त्रे आमच्या हाती द्यावीत."

निंबाजीराव हलले नाहीत. तेव्हा सुभानरावाने नुसते बोट उचलले, आणि रायाजी हवालदाराने एका तरुण बाईला सदरेवर आणून तिच्या मानेशी तलवार टेकवली. ती सगुणा, निंबाजीरावांची एकुलती एक लेक. गडावरच्या शिलेदाराला दिलेली आणि ऐन तारुण्यात कपाळ पांढरे झालेली. आईवेगळी पोर, म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने वेणी घालून वाढवलेली!

"वस्त्रे द्या, लेक घ्या, आणि सुखरूप घाट उतरा," सुभानराव हसला.

"द्यायलाच आलो आहे," निंबाजीराव म्हणाले. "पण अग्नी देईल तोच वारस, म्हणून रिवाजाप्रमाणे एकच पुसणे आहे. थोरल्या महाराजांना अग्नी कोणी दिला?"

चितेचा धूर निघत होता तेव्हा सुभानराव जामदारखान्याला मोहरा लावत फिरत होता, हे सगळ्या गडाने पाहिले होते. भाऊ गेला तरी त्याने मिशी उतरवली नव्हती, आणि सुतक फिटण्याआधीच डोईला मंदील चढवून तो गादीवर बसला होता. घाई, दुसरे काय! पदरी पुत्र नव्हता म्हणून राणीनेच नवऱ्याला अग्नी दिला होता. सुभानरावाचा हात नकळत मिशीकडे गेला, आणि तो सगळ्यांनी पाहिला.

"थेरड्या, लेक जिवंत हवी ना?" तो गरजला.

निंबाजीरावांची नजर लेकीकडे वळली. सगुणाच पुढे बोलली.

"आबा, माझ्याकडं बघू नका. बघितलंत तर तुमच्यानं होणार नाही. जावा तुम्ही."

निंबाजीराव उठले. गाठोडे त्यांनी डोक्यावर घेतले आणि गादीला मुजरा न करता, पाठ फिरवून, ते देवघराकडे चालू लागले.

"रायाजी, काप तिला! माझं मीठ खाता ना रे, हरामखोरांनो?"

"कुठलं मीठ, सरकार?" रायाजी म्हणाला, आणि त्याने तलवार खाली घेतली.

सुभानरावाने शेजारच्या गारद्याची बंदूक हिसकावली आणि स्वतःच बार काढला. निंबाजीराव तेवढ्यात कोठडीच्या गजांपाशी पोचले होते. गोळी पाठीत शिरली. ते गुडघ्यांवर आले, तरी गाठोडे त्यांनी गजांतून आत सारले.

"खारवलीचा दुखवटा, राणीसाहेब. उशीर झाला, माफी असावी."

गजराबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

वकिलावर हत्यार! वैऱ्याच्या वकिलालाही पानसुपारी देऊन वाटेला लावायची आपली रीत. ती मोडलेली डोळ्यांदेखत पाहिली आणि गडाचा उरलासुरला धीर सुटला. हशमांनी कोठडीचे कुलूप फोडले, आणि सुभानरावाच्याच मंदिलाने त्याच्या मुसक्या आवळल्या.

सांजावता घाट मोकळा झाला. मिठाच्या गोण्या लादलेले बैल गडावर चढले, आणि घरोघरी लोक चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून वेड्यासारखे हसू लागले. एका घरात मात्र चूल अळणीच राहिली. भाऊ नसलेल्या सगुणेने बापाला स्वतः अग्नी दिला होता, आणि सुतकात तिला मीठ वर्ज्य होते.

तेराव्याला गजराबाई अनवाणी तिच्या दारी आल्या आणि पांढरी वस्त्रे त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवली.

"हा कुंभेरगडाचा दुखवटा, बाळ. आज आपण दोघी एका पंक्तीला बसू."

पान मांडले. रिवाजाप्रमाणे डाव्या हाताला आधी मीठ वाढले. सगुणाने ती चिमूट बोटांत उचलली.

"आबांना आमटीत मीठ जरा जास्तच लागायचं," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.